बिब्ब्यावर खापर

डावीकडे वळलं की माझी गाडी मरायची. सरळ चालवा, काही तक्रार नाही. उजवीकडे वळवा, तरी नाही. पण हँडल पुरतं डावीकडे फिरलं की मीटर काळा, लाइट गायब, इंजिन गप्प, आणि मी भर रस्त्यात दोन्ही पाय टेकून उभा. नव्या गाड्यांना किक नसते. आमच्या जुन्या गाडीला निदान लाथ मारता यायची, त्यानं गाडी सुरू नाही झाली तरी डोकं जरा थंड व्हायचं. आता तीही सोय कंपनीनं काढून घेतली आहे. बटण दाबायचं, काही झालं नाही की पुन्हा दाबायचं, आणि मागं हॉर्न वाजवणाऱ्यांची बोलणी खायची.

मी लातुरात एका डाळ मिलसाठी तूर आणि हरभऱ्याची खरेदी बघतो. शिरूर अनंतपाळकडची गावं माझ्याकडं आहेत. खळ्यावर जायचं, पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, ओल किती, खडे किती ते बघायचं आणि भाव बोलायचा. वेळेवर पोचलो नाही तर दुसऱ्या मिलचा माणूस माल उचलून मोकळा होतो. म्हणजे गाडी हे माझं अर्धं पोट आहे. आणि ही गाडी शेताच्या वाटेला डावं वळण आलं की हमखास मान टाकायची. मी उतरायचो, हँडल सरळ करायचो, जरा हलवायचो, कधी जीव यायचा, कधी यायचा नाही. एकदा चढावर गाडी ढकलताना एक शेतकरी बांधावरून ओरडला, "साहेब, बैल देऊ का?" मी हसलो नाही. त्याचा हरभरा त्या दिवशी मिळालाही नाही.

गाडी नांदेडच्या शोरूममधून घेतली होती, ती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. ते उमरीला राहतात, तिथं आमचं किराणा दुकान आहे. लातुरात घेतली असती तर त्यांना पूजेला येता आलं नसतं, आणि अप्पांच्या हातची पूजा झाल्याशिवाय आमच्या घरात साधी सायकलही उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. आमच्याच कशाला, निम्म्या उमरीची हीच रीत. कुणी ट्रॅक्टर घेतला, ऑटो घेतला, पोराला स्कूटी घेतली की आधी गाडी आमच्या दुकानापुढं उभी राहायची. अप्पा आधी विभूतीची तीन बोटं ओढायचे. मग तांब्याच्या तारेत बिब्बा, लिंबू, मिरच्या आणि कोळसा ओवायचे आणि ती तार गाडीच्या तोंडाशी पिळून बांधायचे. सगळीकडं हे शनिवारी विकत मिळतं, पण अप्पांच्या हातचं वेगळं, असं लोक म्हणायचे. ते कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. बिब्ब्याच्या तेलानं त्यांच्या बोटांची टोकं कायमची काळी पडलेली आहेत. आईला ते डाग आवडत नाहीत, अप्पांना फार आवडतात.

नांदेडच्या शोरूममध्ये आधी शोरूमवाल्यांची स्वतःची पूजा झाली. पुठ्ठ्याची भली मोठी चावी हातात देऊन फोटो काढला, पेढ्यांचा डबा दिला, टाळ्या वाजवल्या. मग अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून ओवलेली तार काढली. तिथल्याच एका टाय घातलेल्या माणसानं हँडल धरलं आणि म्हणाला, "इथं बांधा बाबा, लाइटच्या खाली. छान दिसतं." त्यानं त्याचाही फोटो काढला. तो माणूस मला पुढं फार आठवायचा, रागानं दात खाताना.

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा लातूरच्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, बॅटरी. चार्ज करून दिली. पुढच्या खेपेला फ्यूज. "मोबाईलचा चार्जर जोडलाय का सर?" जोडला नव्हता. "मग कुणी काही केलंय का?" जणू माझ्या दारात रात्री गाड्यांचे फ्यूज जाळणारी टोळी हिंडते. त्यानंतर म्हणाले, कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, पाणी गेलं, तुम्ही गाडी धुता. म्हटलं, दसऱ्याला धुतली, जग धुतं. "पाणी मारायचं नाही सर, ओल्या कपड्यानं पुसायची." त्यांच्या जाहिरातीत हीच गाडी ओढ्यातून उड्या मारत जाते, आणि चालवणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडतं तसं त्याचं हसू वाढतं. तेही सोडा. दर सर्व्हिसिंगला हेच लोक माझी गाडी मशीनच्या फवाऱ्यानं धुऊन, चकाचक करून माझ्या हातात देतात.

नांदेडला फोन केला तर म्हणाले, लातूरला दाखवा. लातूरवाले म्हणाले, जिथं घेतली तिथं विचारा. कंपनीच्या नंबरावर फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग बासरी वाजायची. मी ती बासरी इतकी ऐकली आहे की आता कुठं लग्नात बासरी वाजली तरी डोक्यात तिडीक जाते. आणि दर खेपेला गाडी बाहेर काढली की मोबाईलवर मेसेज, आमची सेवा कशी वाटली, किती तारे द्याल. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकानं डाळ परत पाठवली तर मिलवाला मान खाली घालतो. तुम्हीच त्यात खडे कालवले असतील, असं म्हणायची कुणाची टाप नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हे मी लिहीत बसलो नसतो. गाडी एक दिवस विकली असती आणि चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

अप्पा डोळे दाखवायला लातूरला आले. मी त्यांना मागं बसवून दवाखान्याकडं निघालो. दवाखान्याच्या बोळात डावीकडं वळलो आणि गाडीनं आपला हिसका दाखवला. मागून येणाऱ्या ऑटोनं करकचून ब्रेक मारला, तरी त्याचं चाक आमच्या मडगार्डला लागलंच. अप्पा एका अंगावर पडले. कोपर खरचटलं, धोतराला चिखल लागला, बाकी काही नाही. पण त्यांच्या तोंडाचा रंग उडालेला मी पाहिला. दवाखाना राहिला बाजूला, मी तसाच गाडी ढकलत सर्व्हिस सेंटरला निघालो. नको नको म्हणताना अप्पा मागून हात लावत आले.

तिथल्या ॲडव्हायझरनं, हातात टॅब घेतलेल्या तरुण माणसानं, गाडीभोवती एक चक्कर मारली. माझा आवाज चढलेला होता आणि बाकीची गिऱ्हाइकं बघून राहिली होती. त्याला काहीतरी उत्तर हवंच होतं. ते त्याला लाइटच्या खाली लोंबताना दिसलं.

"सर, ही तार कुणी बांधली?"

अप्पा पुढं झाले. "म्या बांधली. काहून?"

"बाबा, याच तारेनं वायरिंग कापलंय. शॉर्ट झालं म्हणून गाडी बंद पडते. हे बाहेरचं फिटिंग आहे, वॉरंटीत बसणार नाही."

मी म्हटलं, उघडून तर बघा. तो म्हणाला, उघडायची गरज नाही, आम्ही रोज हेच बघतो. मी शोरूमच्या त्या फोटोची गोष्ट सांगितली, तुमच्याच माणसानं हँडल धरलं होतं म्हटलं. तो म्हणाला, ते नांदेडचं आहे. मी आणखी बोलणार तर अप्पांनी माझा दंड धरला. "आरं, त्यो कंपनीचा माणूस हाय. त्याला कळत न्हाई व्हय?" त्यांनी तिथल्याच एकाकडून पक्कड मागून घेतली, स्वतःच्या हातानं तार कापली आणि लिंबू-बिब्ब्यासकट खिशात टाकली. ऑटोत बसल्यावर त्यांनी खिशातली तार चाचपली. मग म्हणाले, "तुज्या जिवावर बेतलं असतं रे. माज्यामुळं."

मी सगळं सांगून पाहिलं. तार पुढं आहे, वायरिंग मागं आहे. आधी बॅटरी म्हणाले, मग फ्यूज, मग पाणी, त्यांना स्वतःलाच काही ठाऊक नाही. अप्पा ऐकता ऐकता ऑटोच्या बाहेर बघत राहिले.

आठवड्याभरानं आईचा फोन आला. "आरं, ह्ये पक्कड घेऊन गावभर हिंडून राहिले." मला आधी कळेचना. मग कळलं. अप्पा उमरीत दारोदार जाऊन आपण बांधलेल्या तारा कापत होते. ऑटो, ट्रॅक्टर, पोरांच्या सायकली, दूधवाल्याची गाडी. काही बिघाड झालाय का, असं प्रत्येकाला विचारत होते आणि कुणी सहज, हाव, मागच्या म्हैन्यात बंद पडली व्हती, म्हटलं की तिथंच हात जोडत होते. लोक हसत होते. एक जण नवा ट्रॅक्टर घेऊन दुकानापुढं थांबला, त्याला त्यांनी सांगितलं, दुसऱ्याकडून बांधून घ्या. बिब्ब्याचा डबा फळीवरून उचलून मागं टाकला होता.

मला स्वतःला बिब्ब्याचं काही फार आहे असं नाही. बांधला काय, न बांधला काय. पण उमरीत अप्पांना जी इज्जत होती ती किराण्यामुळं नव्हती, ती त्या तारेच्या पिळामुळं होती. जन्मभर ज्यानं दुसऱ्याच्या गाड्या सुखरूप राहाव्यात म्हणून हात चालवले, त्याला एका टॅबवाल्यानं, उघडून न बघता, गाड्या बिघडवणारा ठरवलं. त्या दिवसापासून मला गाडी दुरुस्त करून नको होती. मला कंपनीच्या कुणीतरी अप्पांना एवढंच सांगायला हवं होतं, की बाबा, दोष तुमच्या तारेचा नव्हता.

पुढच्या खेपेला गाडी पुन्हा बंद पडली. आता तार नव्हती, बिब्बा नव्हता, तरीही पडली. ॲडव्हायझर म्हणाला, आधीचं डॅमेज. मी भांडायच्या तयारीनं बाकावर बसलो, तर शेजारी एक वयस्कर गृहस्थ माझ्याहून तापलेले. शिरूर अनंतपाळच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मी त्यांना ओळखत होतो, त्या बाजूला त्यांना सगळेच ओळखतात. गावोगाव जाऊन ते तळहातावर कापूर पेटवून दाखवतात, भोंदूबाबांच्या युक्त्या उघड्या करतात, अमावास्येला मुद्दाम नव्या कामाला हात घालतात. सगळे त्यांना सर म्हणतात. सरांची गाडी माझ्याच मॉडेलची होती.

"तुमची कधी बंद पडते?" मी विचारलं.

"डावीकडं वळताना."

मी उठून त्यांच्या गाडीचं तोंड बघून आलो. कोरं करकरीत. फुलाची पाकळीसुद्धा कधी तिथं अडकली नसावी.

मग आम्ही दोघांनी मिळून जो काही आवाज केला त्यानं मॅनेजर आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आला. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उघडायला लावल्या. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा इतका ताणून बसवलेला होता की हँडल डावीकडं फिरवलं की तो लोखंडावर घासायचा. दोन्ही गाड्यांत एकाच जागी वरचं आवरण सोलून आतलं तांबं उघडं पडलेलं. अप्पांची तार जिथं होती तिथून ही जागा चांगली वीतभर मागं, आणि मधे अख्खा लाइट. सरांनी खिशातून चष्मा काढून बघितलं आणि म्हणाले, "वायर आखूड आहे. कंपनीनं चार बोटं वायर वाचवली." मी मोबाईल काढला तर ॲडव्हायझर धावत आला, वर्कशॉपमध्ये फोटोला परवानगी नाही म्हणे.

मॅनेजर नरम झाला. वरती कळवतो म्हणाला. मी म्हटलं, वरती कळवा नाहीतर खालती, मला एकच पाहिजे. माझ्या वडिलांना फोन लावून देतो, त्यांना सांगा की तुमच्या तारेमुळं झालं नव्हतं. तो आपल्या काचेच्या खोलीकडं वळला. मग म्हणाला, "सर, आम्हाला असं बोलता येत नाही."

थोड्या दिवसांनी फोन आला, तुमच्या गाडीची मोफत तपासणी आहे. गेलो. सगळं वायरिंग बदलून दिलं, चांगलं सैल, वळणाला जागा सोडून. का बदललं, विचारलं तर म्हणे अपडेट. सरांचंही बदललं. त्या मॉडेलच्या आणखी कितीतरी गाड्या तिथं रांगेत उभ्या होत्या, सगळ्यांचं अपडेट. धरून हाणावंसं वाटलं. पण कुणाला? ॲडव्हायझर बदलून गेला होता, त्याच्या जागी आलेली मुलगी मला पाणी विचारत होती.

मी गाडी घेऊन उमरीला गेलो आणि दुकानापुढं डावीकडं वळण घेऊन दाखवलं, पुन्हा पुन्हा. अप्पा गल्ल्यावरून बघत होते. सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "तू माजा लेक हाईस. तू असंच सांगणार." मग जरा वेळानं, "एवढी मोठी कंपनी फिजूल खोटं बोलंल का?" मी त्यांच्यावर कधी ओरडत नाही, त्या दिवशी उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

शेवटी सरांकडं गेलो. म्हटलं, माझ्या वडिलांना येऊन सांगा. सर म्हणाले, "तुमच्या वडिलांनी बांधणं बंद केलं? उत्तम झालं की! मी चाळीसभर वर्षं ओरडतोय, लोक ऐकत नाहीत. तुम्ही मला ते पुन्हा सुरू करायला बोलावताय?"

मला राग आला आणि रागात मला कधीकधी बरं सुचतं. मी म्हटलं, "तार बांधली म्हणून गाडी बंद पडली, असं माझे वडील मानतात. पुरावा काय? एका माणसानं सांगितलं. मग ही अंधश्रद्धा नाही तर काय सर? ही तुम्हाला चालते?"

सर उठले. चष्मा पुसला. मग म्हणाले, "नांदेडला लेकीकडं जायचंच आहे. वाट वाकडी करून उमरीवरून जाऊ."

सर आपल्या गाडीवर, मी माझ्या, असे आम्ही दुकानापुढं उतरलो. आईनं चहा टाकला. सरांनी वर्गात उभं राहावं तसं उभं राहून सगळं समजावलं. वायर कुठून जाते, कुठं घासली, का घासली. अप्पांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मग सर म्हणाले, "अप्पा, माझ्या गाडीला आजवर काहीही बांधलेलं नाही. तरी ती तश्शीच बंद पडली."

अप्पा गाडीजवळ गेले, वाकून तिचं तोंड पाहिलं. "कायच न्हाई बांधलं?"

"काहीच नाही."

"घेतल्यापून?"

"घेतल्यापासून."

"मंग पडंलच की बंद," अप्पा म्हणाले.

सरांचं तोंड उघडं ते उघडंच. आत आईच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली, ती हसत होती. कितीतरी दिवसांनी अप्पांच्या चेहऱ्यावर तो जुना, गिऱ्हाइकाला गप्प करणारा मिश्कीलपणा आला होता. ते तरातरा आत गेले, डबा काढला, बसून तार ओवली आणि बाहेर आले. मी सरांकडं बघायचं टाळत होतो. आता हे हात आडवा घालणार, भाषण देणार, आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं मला वाटत होतं.

पण लाइटपाशी नेलेला हात अप्पांनीच मागं घेतला. चेहरा पुन्हा पडला. "नगं गुरुजी," ते म्हणाले. "कुठं घासली-बिसली तर? तुमाला लांब जायचंय. माजा भरवसा न्हाई आता."

रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि ती नजर काही प्रेमाची नव्हती. मग त्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि अप्पांना हात घालायला जागा होईल असं पुरतं डावीकडं वळवलं.

"बांधा," सर म्हणाले. "तुमच्या तारेनं गाडीला काही होत नाही. मी सांगतो."

अप्पांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं, धोतराला बोटं पुसली आणि तारेला पहिला पीळ दिला.